तेरच्या म्युझियममधे आजच्या सिरॅमिकला एक दालन द्यायला पाहिजे

आमच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय की म्युझियममधे हल्ली सिरॅमिकचं, म्हणजे भाजलेल्या मातीचं काम म्हणून जे मांडतात, पाणी न धरणारी भांडी, वाकडे खांब, तुकड्यांचे ढीग, ते कला म्हणायचं का, आणि आपल्याकडं त्याला जागा द्यायची का. बहुतेक जण नाही म्हणायलेत. माझं मत सरळ आहे, द्यावी, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला द्यावी.

कारण तेरच्या लामतुरे म्युझियममधे सातवाहन काळातल्या केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत त्या एकदा नीट बघा. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात दाबून काढायचा आणि दोन्ही जोडायचे, आतून पोकळ. साच्याची ही रीत रोमन व्यापाराबरोबर इकडं आली असं अभ्यासक मानतात. तगर म्हणजे आपलं तेर, त्याचं नाव पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या समुद्री व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकात पैठणच्या जोडीनं येतं, इथला माल भडोचच्या बंदराला जायचा. म्हणजे बाहेरची रीत घेऊन, पाणी भरायच्या कामाचं नसलेलं मातीकाम इथल्या माणसांनी तेव्हाच केलेलं आहे. मग आजच्यानं केलं तर ते "फॅड" कसं? २०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात देशातलं पहिलं सिरॅमिक ट्रायनिअल, म्हणजे दर तीन वर्षांनी भरवायचं प्रदर्शन, भरलं, आपल्याकडं असं काही यावं म्हणून कोणी साधी मागणीसुद्धा करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

लातूरकर: विरोध. तुम्ही जयपूर सांगताय, मी लंडन सांगतो. २०१० ला तिथल्या टेट मॉडर्न म्युझियममधे आय वेवे या चिनी कलाकारानं पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, सूर्यफुलाच्या १० कोटी बिया पसरल्या, जगभर गाजल्या. त्या बनवल्या चीनमधल्या जिंगदेझेनच्या कारागिरांनी, सोळाशेच्या आसपास लोक, एकेक बी हातानं रंगवलेली. नाव कोणाचं झालं? आपल्याकडं पण हेच होणार. वेळ अमावस्येला ज्या बिंदग्यातून, म्हणजे मातीच्या भांड्यातून, आंबील शेतात नेतो ते घडवणाऱ्याचं नाव गावात चार घरांपलीकडं माहीत नसतं, आणि शहरातून शिकून आलेल्याच्या नावाची पाटी लागणार. आधी आपल्या कुंभाराला माती उचलायला जागा द्या, आवा म्हणजे भट्टी लावायला जागा द्या, मग दालन.

धाराशिवची एक शिक्षिका: दादा, कुंभाराची बाजू घेताय ते पटतं पण "आधी हे मग ते" म्हणत बसलं की दोन्ही होत नाही हो. मी पोरांना तेरला घेऊन जाते. गोरोबाकाकांचं मंदिर झालं की पोरं थापटण्याची गोष्ट आपणहून सांगतात, काकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं कोण पक्कं ते बघितलं, नामदेव कच्चे निघाले, ती. तिथून म्युझियममधे आलं की सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं. पोरांच्या मनात बसतं की माती ही जुनी, संपलेली गोष्ट. आज कोणी जिवंत माणूस मातीत काही नवीन करतोय हे त्यांनी बघायला नको का?

परभणीहून: बघायला पाहिजे, पण तिथं नको. उत्खननातल्या वस्तूशेजारी परवा भट्टीतून निघालेली वस्तू ठेवली तर येणाऱ्याला काय जुनं काय नवं कळणार नाही, आपल्याकडं पाट्या कोण वाचतं. छत्रपती संभाजीनगरला वेगळी गॅलरी करा, तिथं लागेल ते मांडा. आणि जुन्या वस्तूंचीच देखभाल पुरी होत नाही तिथं हा खर्च कोण करणार ते पण सांगा.

कुंभारवाड्यातून: आमच्या घरात हेच काम आहे म्हणून लिहितो. आपली काळी माती तशीच्या तशी चालत नाही, ओली झाली की फुगते, वाळताना तडकते. तळ्याचा गाळ आणायचा, त्यात राख, घोड्याची लीद मिसळायची, तुडवायची. आव्यात माल हजार डिग्रीच्या आतच भाजतो, म्हणून माठ पाझरतो नि पाणी गार राहतं. गॅलरीवाले स्टोनवेअर करतात, गॅसच्या नाहीतर लाइटच्या भट्टीत बाराशेच्या वर, ते पाझरत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत, वरचढ कोणी नाही. माझा आक्षेप एवढाच की त्यांच्या वस्तूला काच आणि लाइट, नि आमच्या रांजणाला "लोककला" म्हणून कोपरा. दालन करायचं तर एकाच ओट्यावर मांडा, दोन्हीकडं करणाऱ्याचं नाव लिहा, माती कुठली ते पण लिहा. नाहीतर लातूरकर म्हणतात ते बरोबर आहे.

मूळ लेखक: कुंभारवाड्यातून जे लिहिलंय ते मला शब्दन् शब्द मान्य, नावं दोघांची पाहिजेत, आणि हे दालनाच्या मागणीतच लिहून द्यायला पाहिजे. परभणीकर, सरमिसळीचं म्हणाल तर वेगळी खोली, भिंतीला वेगळा रंग, दारातच मोठ्या अक्षरात साल, एवढ्यानं भागतं. मुंबईच्या भाऊ दाजी लाड म्युझियममधे एकोणिसाव्या शतकातली जे. जे. स्कूलची पॉटरी आहे आणि त्याच इमारतीत आजच्या कलाकारांची प्रदर्शनं भरतात, तिथं कोणाचा गोंधळ होत नाही. आणि त्या जुन्या पॉटरीवर नक्षी कुठली घ्यायचे, तर अजिंठ्याची! आपल्या लेण्यांतली वेलबुट्टी मुंबईच्या भांड्यांवर गेली, तिथं काचेत बसली, नि आपण इथं म्हणायलोत की नवीन मातीकाम आपल्याकडं शोभत नाही.

लातूरकर: अजिंठ्याचं माहीत नव्हतं, चांगलं सांगितलंत. पण मत तेच. नावाची पाटी लागली म्हणून कुंभाराच्या पोराला चाकावर बसावं वाटेल का? त्याला माल खपलेला पाहिजे. दालनाच्या बाहेर विक्रीचा कट्टा ठेवणार असाल, नवरात्रात घट नि संक्रांतीला सुगडी तिथूनच विकणार असाल, तर तेवढ्यापुरता मी तुमच्या अर्जावर सही करतो.

कुंभारवाड्यातून: कट्टा पाहिजेच. आणि त्याचं भाडं लावू नका, हे आत्ताच लिहून घ्या.