रोज कर्जत-दादर लोकल, १५ इंची सोडून छोटा हलका लॅपटॉप घेऊ का?

कर्जत_फास्ट: मंडळी, सल्ला हवाय. सध्या भावाचा जुना गेमिंग लॅपटॉप वापरतेय, १५.६ इंची, २.२ किलो, आणि चार्जर म्हणजे नुसती वीट. सकाळच्या गर्दीत सॅक पुढे छातीशी धरून उभं राहायचं, त्यात डबा, पाण्याची बाटली, दादरला उतरेपर्यंत मान आखडते. काम भाषांतराचं, म्हणजे वर्ड, थोडं एक्सेल, ब्राउझरला वीसेक टॅब. १३-१४ इंची, सव्वा किलोच्या आसपासचा बघतेय. पण पैसे जास्त घालून मिळतं कमी असं वाटतंय. ८ जीबी रॅम घेऊन नंतर वाढवली तर चालेल का?

सोल्डरवाला: ताई, नंतर वाढवायचं डोक्यातून काढून टाका. या पातळ मशीनमध्ये रॅम बहुतेक बोर्डलाच सोल्डर केलेली असते, स्लॉटच नसतो. मी ८ जीबीवाला घेतला होता, दोन वर्षांत टॅब बदलताना हँग व्हायला लागला आणि शेवटी अर्ध्या किमतीला विकला, अजून वाईट वाटतं. ॲपलने पण २०२४ च्या ऑक्टोबरात मॅकबुक एअर १६ जीबीपासून सुरू केला. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, विंडोजवाल्यांत बऱ्याचदा बदलता येते, ती ५१२ जीबीची नसली तरी एकवेळ चालेल, रॅमला मात्र तडजोड नको.

गरम_डोकं: वरच्यांशी सहमत. अजून एक, उष्णता. ॲपलच्या एम१ चिपपासूनच्या एअरला पंखाच नाही, इतक्या कमी वजनात बसवायचं तर काहीतरी सोडावं लागणारच ना. वर्डला काही फरक पडत नाही, पण लांब व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की चिप तापते आणि स्वतःच स्पीड उतरवते. विंडोजमध्ये इंटेलचा नावाच्या शेवटी यू असलेला प्रोसेसर साधारण १५ वॅटचा, एच वाला २८ ते ४५ चा, तुमच्या कामाला यू भरपूर झाला, बॅटरी पण जास्त टिकते.

दीर्घ_वेलांटी: मी पण भाषांतरच करते म्हणून सांगते, स्क्रीनचा विचार आधी करा. १३ इंचीवर फुल एचडी, स्केलिंग (अक्षरं किती मोठी दिसतात ते) १०० टक्के, आणि मराठी मजकूर उघडला तर ऱ्हस्व-दीर्घ उकार कळत नाही, मी 'आणि'ची वेलांटी बघायला नाक स्क्रीनला लावायचे. १५० टक्के केलं की अक्षर छान दिसतं पण ओळी कमी मावतात, मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवता येत नाही. १४ इंची, स्क्रीनची रुंदी-उंची १६:१० असलेला घ्या, उंची जास्त मिळते, आणि घरी एक मॉनिटर लावा. आणि सॅक एकदा वजनकाट्यावर ठेवाच, माझ्या पाठीवरचा निम्मा भार चार्जर आणि बाटलीचा निघाला.

कर्जत_फास्ट: आत्ता ठेवली काट्यावर. सगळी मिळून ५.४ किलो! त्यात चार्जर एकटा ६०० ग्रॅम, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे टाइप-सीवर चार्ज होणारा घेतला आणि ६५ वॅटचा छोटा चार्जर ठेवला तर दीड किलोच्या आसपास कमी होईल. १४ इंची, १६ जीबी नक्की. शनिवारी पेनड्राइव्हवर माझीच एक मराठी फाइल घेऊन दुकानात जाते आणि तिथेच उघडून वाचून बघते.

सोल्डरवाला: एचडीएमआय पोर्ट आहे का तेही बघून घ्या, नाहीतर घरच्या मॉनिटरसाठी हब (जास्तीचे पोर्ट देणारी डबी) वेगळा घ्यावा लागू शकतो.