घरच्या बागेतले बोन्साय विकायला काढायचेत, सुरुवात कशी करू?

अंगणातला_उंबर (सातारा)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं बोन्साय करतेय, आता मागचं अंगण आणि गच्ची दोन्ही भरून गेलंय, घरचे म्हणताहेत थोडी झाडं विकायला काढ. माझ्याकडे जास्त करून जुन्या भिंतींतनं काढलेले वड, पिंपळ, उंबर आहेत (घरमालकांना विचारूनच काढलेत), शिवाय कटिंगपासून केलेलं जेड (जाड, रसदार पानांचं), बियांपासूनच्या चिंचा आणि थोड्या बोगनवेली. आता अडचण अशी की जी मनासारखी झालीत ती द्यायला हात धजत नाही आणि जी अर्धवट आहेत ती बोन्साय म्हणून कुणाच्या हातात द्यायची? किंमत कशी ठरवता? कुरिअरने झाडं नीट पोचतात का? आणि नवीन झाडं कुठनं गोळा करता, दर वेळी भिंतीतलं चांगलं झाड मिळतंच असं नाही ना.

गच्चीवाला_पुणे

ताई, अर्धवट झाडंच विकायला काढा, मी मनापासून सांगतोय. बोन्साय शिकणारे खूप लोक आहेत आणि त्यांना तयार झाड नकोच असतं, त्यांना हवा असतो चांगला बुंधा, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला, मुळं चारी बाजूंना पसरलेली. पुढचं वायरिंग (तार गुंडाळून फांदीला वळण देणं), फांद्या बसवणं हे त्यांना स्वतःच्या हातानं करायचं असतं. अशा झाडाला सरळ प्री-बोन्साय म्हणा, तेच नाव सांगून विका, म्हणजे कुणाची फसवणूक नाही. मला राग येतो तो याचा की काही ठिकाणी सहा महिन्यांचं फायकसचं (वडाच्या कुळातलं) रोप चपट्या ट्रेमध्ये लावतात, वर पांढरे खडे पसरतात आणि बोन्साय म्हणून हजार-दीड हजाराला देतात. ट्रेमध्ये गेलं की बुंधा जाड व्हायचं जवळजवळ थांबतं, त्यामुळे ते झाड घेणाऱ्याकडे वर्षानुवर्षं तसंच काडीसारखं राहतं, मग तो माणूस बोन्सायचा नादच सोडतो.

बुंधा जमिनीतच जाड होतो. तुमच्याकडे अंगण आहे म्हणजे अर्धी लढाई जिंकलीत. रोप लावताना सोटमूळ कापा, खाली एक फरशी ठेवा आणि तिच्यावर मुळं पसरून लावा, म्हणजे ती खोल न जाता आडवी वाढतात. खालची एखादी फांदी मुद्दाम वाटेल तेवढी वाढू द्यायची, तिच्यामुळे बुंधा भरतो, काम झालं की ती कापून टाकायची. नांद्रुक (तेही फायकसच) लावलंत तर तीन-चार पावसाळ्यांत मनगटाएवढा बुंधा मिळू शकतो, पान मुळातच लहान असतं त्यामुळे पुढे प्रमाणही चांगलं दिसतं. वडाचं पान मोठं, म्हणून त्याला दोन-अडीच फुटांच्या खाली आणायचा हट्ट मी तरी करत नाही. चिंच सावकाश चालते पण तिच्या सालीचा खडबडीतपणा लवकर येतो आणि पानं बारीक, माझ्या मते आपल्याकडच्या हवेला तिच्याइतकं गोड झाड नाही. तिला तार मात्र फांदी हिरवी असतानाच घाला, जून झाली की कडकन मोडते.

कुंडीतली_दुपार (डोंबिवली)

वडाचे आहेत ना, मग वटपौर्णिमेच्या आधी महिनाभर व्हॉट्सअॅपवर फोटो टाका. हल्ली बऱ्याच बायकांना फांदी तोडून आणलेली नको असते, कुंडीतला वड घरी ठेवून दर वर्षी पुजता येतो. माझे वड त्याच दिवसांत जातात. पिंपळ मात्र लोक घरात ठेवायला घाबरतात, आणि काहीजण बोन्सायच घरात नको म्हणतात, घराचीही वाढ खुंटते वगैरे. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. ज्याला आवडतं त्यालाच द्या, तोच पाणीही घालेल.

पन्हाळ्याचा_वारा (कोल्हापूर)

झाडं गोळा करण्याबद्दल सांगतो. इमारतींची रंगकामं, प्लास्टर करणारे गवंडी आणि कंत्राटदार यांना सांगून ठेवा, ते भिंतीतली झाडं तोडून वर अ‍ॅसिड ओततात, त्याऐवजी तुम्हाला एक फोन आला तर झाडही वाचतं. जून-जुलैमध्ये काढलेलं उत्तम. मुळं कमी आली तरी वड-उंबराच्या बाबतीत घाबरायचं नाही, सगळी पानं काढा, वरचा भाग छाटा, चीक वाहतो तो पाण्याने धुवा आणि जाड वाळू अधिक विटांचे तुकडे यात लावून सावलीत ठेवा, वरनं पारदर्शक पिशवी बांधा. महिन्याभरात डोळे फुटायला लागतात. तोवर खत नाही आणि मूळ आलं का बघायला हलवणंही नाही. काळी माती अजिबात नको, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात.

दुसरा रस्ता गुटीचा, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं आणायची. ओळखीच्यांकडे मोठं नांद्रुक किंवा दुसरं फायकस असेल तर अंगठ्यापेक्षा जाड, वळणदार फांदी निवडा, इंचभर साल गोल काढा, ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळून प्लास्टिक बांधा. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात आणि तयार बुंधा हातात येतो.

करवंदीची_जाळी (रत्नागिरी)

एक कळकळीची विनंती. इथे डोंगरावरनं करवंदाच्या जुन्या जाळ्या, खडकातली झाडं उपटून नेणारे लोक येतात. राखीव जंगलातनं झाड काढणं 1927 च्या वन कायद्याखाली गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे यातली बरीचशी झाडं मरतात, खडकाच्या फटीत गेलेलं मूळ पूर्ण निघतच नाही. पन्नास वर्षं वाऱ्यापावसात उभं राहिलेलं झाड असं घालवायचं नाही. करवंद बियांपासूनही छान येतं, वेळ लागतो एवढंच.

अंगणातला_उंबर (सातारा)

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! गुटी यंदाच बांधते. आता किंमत आणि पॅकिंगचं कुणीतरी सांगा. आणि वडाला पारंब्या येत नाहीत माझ्याकडे, डोंबिवलीच्या ताईंकडे येतात का?

कुंडीतली_दुपार (डोंबिवली)

हो, पावसाळ्यात आपोआप येतात, इथली हवाच दमट. तुमच्याकडे कोरडं, त्यामुळे पावसाळ्यात फांदीवर ओलं मॉस बांधून ठेवा आणि झाडाभोवती पिशवीचा तंबू करा. पारंबी मातीला टेकेपर्यंत स्ट्रॉमधनं खाली आणा, मध्येच सुकत नाही.

गच्चीवाला_पुणे

किंमत ठरवताना मी बुंध्याची जाडी, किती वर्षं सांभाळलं आणि छाटणीच्या जखमा किती भरल्यात एवढं बघतो. जेडची लहान रोपं तीन-चारशेला देतो, त्यावर रोजचा खर्च निघतो. मोठ्या झाडाला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, घाईत किंमत पाडून देऊ नका. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, ते एक बरं आहे.

कुरिअरला जेड सगळ्यात सोपं: आठवडाभर पाणी तोडा, माती झाडून मुळं मोकळी करा, कागदात गुंडाळा. ओलं बंद केलंत तर सडतं. वड-नांद्रुक पाठवताना मुळांच्या गोळ्याला ओलं मॉस आणि वर प्लास्टिक, चिनीमातीचा ट्रे कधीच सोबत नाही. सोमवारीच पाठवा म्हणजे रविवारी गोदामात पडून राहत नाही, आणि मे महिन्यात पाठवूच नका. ट्रेसाठी पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांकडे एक चक्कर मारा, जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनालाही या, तिथे ट्रे, तारा मिळतात आणि बाकीचे कुठल्या दर्जाची झाडं करतात तेही बघायला मिळतं. येताना तुमच्या उंबराचे फोटो आणा, बुंध्यावर फळं धरलेला कुंडीतला उंबर मला बघायचाच आहे.