सेंद्रिय गटात गेलो तर खाचरातले खेकडे-काजवे परत येतात का, की नुसतं सर्टिफिकेट मिळतं?

भोरचा_भातवाला
नमस्कार मंडळी, आमची खाचरं भोरच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याला आहेत, सगळ्यांत इंद्रायणी जातीचा भात. यंदा गावात परंपरागत कृषी विकास योजनेतून सेंद्रिय गट करायचं चाललंय, पीजीएस म्हणजे सहभागी हमीचं सेंद्रिय सर्टिफिकेट मिळणार म्हणतात. मीटिंगला गेलो तर सगळी चर्चा भाव किती मिळेल, ड्रम कोणाला, गांडूळखताचे बेड कोणाला यावरच. मला विचारायचंय ते वेगळं. पूर्वी पहिल्या पावसात ओढ्यातनं चढणीचे मासे थेट खाचरात यायचे, बांधाला खेकड्यांची बिळं असायची, जूनच्या सुरुवातीला काजव्यांनी झाडं भरायची. आता मासे जवळजवळ नाहीतच आणि काजवे फक्त वरच्या रानात दिसतात. सेंद्रिय केलं की हे आपोआप परत येतं का? आणि सरकारी योजनेत याचा कुठे विचार असतो का? घरचे म्हणतात उत्पन्न बघ, बाकीचं सोड, पण मला हे सोडवत नाही.

निवृत्त_सहायक
दादा, प्रश्न चांगला विचारलात, सहसा कोणी विचारत नाही. मी कृषी खात्यात होतो म्हणून योजना जवळनं बघितलीय. ही योजना 2015 ची, आत्ताच्या रचनेत तीन वर्षांत हेक्टरी 31,500 रुपये, त्यातले 15,000 शेतकऱ्याच्या खात्यावर खत-बियाण्यासारख्या निविष्ठांसाठी, बाकीचे प्रशिक्षण, सर्टिफिकेट, पॅकिंग, विक्री यावर. पीजीएसमध्ये गटातलेच शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात आणि तपासायचं काय, तर युरिया टाकला का, औषध मारलं का, शेजाऱ्याच्या फवारणीपासून अंतर आहे का. म्हणजे काय टाकलं नाही ते बघतात. बांधावर किती जातीची झाडं आहेत, ओढ्याकाठ राखलाय का, खाचरात बेडूक आहेत का याची नोंद करताना मी तरी कोणाला बघितलं नाही. निर्यातीच्या सेंद्रिय मालासाठीच्या एनपीओपी या राष्ट्रीय मानकांत जैवविविधता जपायचा उल्लेख आहे, पण शेतावर येणाऱ्या माणसाचा सगळा वेळ बिलं आणि रजिस्टर बघण्यात जातो.

आणि पैशाचं माप बघा. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, एकूण 2,481 कोटी. रासायनिक खतांवरचं अनुदान एका वर्षाला दीड लाख कोटींच्या वर जातं. युरियाची 45 किलोची गोणी 270 च्या आत मिळते, मग माणूस शेणखत का ओढत बसेल? सरकारी पैशाचा खरा कल रासायनिक खताकडेच आहे. तरीपण गटात जा, असंच मी सांगेन. विष थांबतं ही छोटी गोष्ट नाही. फोरेट या कीटकनाशकाचे दाणे खाचरात टाकून किती खेकडे मेले ते आमच्या पिढीने बघितलंय, ते 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद झालं, आणि तो सरकारी निर्णयच होता.

चतुर_आणि_टाचण्या
आपोआप नाही येत हो. विष थांबलं की कोळी, चतुर, बेडूक हे लवकर सावरतात कारण ते आजूबाजूला कुठेतरी शिल्लक असतात. पण माशांना ओढा ते खाचर अशी वाट लागते, ती सिमेंटच्या बंधाऱ्याने किंवा पाइप टाकून बंद झाली असेल तर तुम्ही शेण-गोमूत्राचं जीवामृत कितीही घाला, मासा वर चढणार कसा? काजव्याचं पण तसंच, त्याची अळी जमिनीवरच्या ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन जगते, पाला जाळला, बांध तणनाशकाने लाल केला आणि वर रात्रभर हॅलोजन लावला तर काजवा राहणार कुठे.

धोरणाचं म्हणाल तर भातातलं सगळ्यात चांगलं उदाहरण इंडोनेशियाचं आहे. तिथे तपकिरी तुडतुडे भात फस्त करत होते, जास्त फवारा मारला की जास्त वाढत होते, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मरायचे. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरची 57 कीटकनाशकं बंद केली, कीटकनाशकांवरचं अनुदान टप्प्याटप्प्याने काढलं आणि शेतकऱ्यांना बांधावरच शाळा भरवून मित्रकीड ओळखायला शिकवलं. भाताचं उत्पादन कोसळलं नाही. याउलट श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतं एका झटक्यात बंद केली, शेतकऱ्याच्या हातात पर्याय दिला नाही, आणि नोव्हेंबरपर्यंत निर्णय मागे घ्यावा लागला, शेतकरी मेटाकुटीला आला तो वेगळाच. मला यातनं एवढंच दिसतं की आदेशाबरोबर शिकवणारी माणसं गावात पाहिजेत, नाहीतर शेतकरी एकटा पडतो.

तुमच्याकडे राब भाजतात का अजून, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर फांद्या-पाला जाळतात का? रसायनाचा थेंब नाही त्यात, पण ऐन-किंजळाच्या फांद्या दरवर्षी तोडून तोडून झाडांचे नुसते खुंट उरतात. सर्टिफिकेटला ते चालतं, रानाला नाही.

बियाणेवाली_अकोले
सगळे खत आणि औषधावर बोलताय, बियाण्याचं कोणी काढलंच नाही म्हणून लिहिते. भाऊ, सगळी खाचरं इंद्रायणी म्हणजे सेंद्रिय झाली तरी एकच जात. इंद्रायणी चांगलीच आहे, वडगाव मावळच्या केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून काढली आणि 1987 ला आली, पण तिच्यापायी आमच्याकडचा काळभात, रायभोग, जिरवेल हे जुने वाण मागे पडले. आमच्या तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी घरात बियाणे बँक उभी केली, बायफ या संस्थेची साथ मिळाली, 2020 ला पद्मश्री जाहीर झाली, त्यानंतर आम्हा बचत गटाच्या बायांना पण घरचं बी मडक्यात राखेत घालून ठेवायची लाज वाटेनाशी झाली.

कायदा आपल्या बाजूने आहे बरं का. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याचं कलम 39 सांगतं की शेतकरी बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकू पण शकतो, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. आणि 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि गावातली झाडं, प्राणी, वाण लिहून ठेवायची लोक जैवविविधता नोंदवही असायलाच पाहिजे. हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली म्हणून बऱ्याच ठिकाणी घाईघाईने वह्या भरल्या. आमच्या इथली वही वाचली तर आमच्या शेतात जे आहे ते त्यात नाही आणि जे नाही ते आहे, कारण म्हाताऱ्या बायांना कोणी विचारलंच नाही. कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळं या रानभाज्या कुठल्या बांधावर येतात ते त्यांनाच ठाऊक. ग्रामसभेत वही मागा. गटाचा आराखडा करताना ती वही समोर ठेवा, मग दोन्ही खात्यांची कामं जोडली जातील, आत्ता कृषीवाले वेगळे आणि जैवविविधतावाले वेगळे, एकमेकांशी बोलत नाहीत.

भोरचा_भातवाला
ताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. राब भाजतो आम्ही, थोडा का होईना. ओढ्याच्या तोंडाला मागे पाइप टाकलाय ते पण खरंय, तिथे उघडा चर काढता येतो का ते चुलत्यांशी बोलतो, जागा त्यांची आहे. गटात जायचं ठरवलंय, पण नियमावलीत आपले दोन मुद्दे घालून घेणार, बांधावर तणनाशक नाही आणि प्रत्येकाने निदान एक खाचर जुन्या वाणाचं. पुढच्या मीटिंगला आईला आणि शेजारच्या आजीला घेऊन जातो. ताई, तुमच्या गटाकडे काळभाताचं बी मिळेल का? रोहिणी लागायच्या आत हवंय, एका खाचरापुरतं.

बियाणेवाली_अकोले
मिळेल की. पैसे नकोत, सुगीला दुप्पट बी परत द्यायचं, तोच आमचा नियम आहे. मेसेज करा.