आधी सीटी की आधी फॅक्टर?

निळंटोपण: 'बाळाच्या डोक्याला मार लागला तर आधी सीटी, रक्तस्राव दिसला तरच फॅक्टर, महागडं औषध वाया घालवू नका' अशी पोस्ट फिरतेय, तीही रक्त नीट न गोठणाऱ्या मुलांबद्दल. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, या मुलांत जन्मतः कमी असलेलं; सीटी म्हणजे डोक्याचा स्कॅन. या सल्ल्याने मुलं दगावतील. आजाराचं निदान आधीच माहीत असेल तर आधी औषध, मग सीटी. हिमोफिलिया ए (फॅक्टर आठची कमतरता) असेल तर किलोला 50 युनिट, 10 किलोच्या मुलाला 500. स्कॅन स्वच्छ निघाला तर एक मात्रा जादा गेली, इतकंच.

जिल्हा_वॉर्ड: हे हिमोफिलियाचं झालं. फॅक्टर तेरा किंवा सात कमी असलेल्या बाळाला आमच्याकडे प्लाझ्माच (रक्तातला गोठवून ठेवलेला द्रव भाग) मिळतो. तो 37 अंशांवर वितळायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात सीटी होतो.

निळंटोपण: मग वितळायला टाकून सीटीला न्या, मागणीच रिपोर्टनंतर कशाला? शिवाय तेराला क्रायो (प्लाझ्मापासून काढलेला घट्ट अंश) मागवा. 5 किलोच्या बाळाला किलोला 15 मिली प्लाझ्मा म्हणजे 75 मिली. क्रायोची पिशवी फक्त 15-20 मिलीची. सातला मात्र क्रायो निरुपयोगी, आणि तो फॅक्टर 4-6 तासांत निम्मा होतो. सकाळच्या प्लाझ्मावर संध्याकाळी कवटी उघडू नका.

लॅब_खिडकी: पण नमुना? प्लाझ्मा चढवल्यावर रक्त पाठवता, तेरा कमी असेल तर चाचणीत रक्ताची गुठळी युरियात विरघळते; प्लाझ्मानंतर ती विरघळत नाही आणि कमतरता निसटते. पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याचा वेळ मोजणाऱ्या चाचण्या तर तेरात नॉर्मलच असतात. त्यावर 'गोठण्याचा दोष नाही' असा शेरा मारून बाळ घरी पाठवतात!

जिल्हा_वॉर्ड: बाळाला झटके येताहेत, शीर सापडत नाही, आणि तुम्हाला ट्यूब हवी?

लॅब_खिडकी: थांबा कोण म्हणतंय? प्लाझ्मासाठी जी शीर लावता तिच्यातूनच आधी 1.8 मिली घ्या, 0.2 मिली सायट्रेटच्या (नमुना गोठू न देणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये, रेषेपर्यंत. कमी भरली तर सायट्रेट जास्त पडून गोठण्याच्या वेळा खोट्या लांबतात. हे कितीदा सांगायचं?

गोतावळा: मूळ कारण कुणी बोलत नाही. मामाच्या मुलीशी लग्नं होतात, म्हणून तेरा-सातचे आजार जास्त.

निळंटोपण: आईबापांना दोषी धरून मेंदूतला रक्तस्राव थांबत नाही. नातं निदानासाठी विचारा. नाळ पडल्यावर बेंबी झिरपत होती का, हेही विचारा. तेराची ती पहिली खूण.

जिल्हा_वॉर्ड: ट्यूबचं मान्य. निदान माहीत असेल तर आधी औषध, तेही मान्य. पण पहिल्यांदाच आलेल्या तान्ह्याला सीटी लांबवणार नाही. त्याला नमुना घेतल्यावर रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के 1 मिलिग्रॅम शिरेतून सावकाश देणार. जन्मावेळी ते टोचलंच नव्हतं असं पुष्कळदा निघतं.

लॅब_खिडकी: चालेल. आणि तेरा निघाला तर डिस्चार्ज कार्डावर पुढच्या मात्रेची तारीख लिहा, दर 4 आठवड्यांनी.