सीओपीडी असलेल्या वडिलांसाठी हिवाळ्यात कुठे? कोकण, गोवा की पुणे

यमुनाकाठ:
नमस्कार मंडळी. आईवडील दिल्लीत असतात. वडील ७३ वर्षांचे, केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक, आई ६९. वडिलांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) आहे, रात्री मिनिटाला दोन लिटरवर कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) लावावा लागतो. दिवाळीनंतरचं धुरकं आणि जानेवारीची थंडी दोन्ही त्यांना झेपत नाहीत, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर राहा असं डॉक्टरांनी सांगितलंय. मानवलं तर पुढे तिकडेच कायमचं राहायचा विचार आहे.
डोक्यात असलेली नावं: पुणे (नातेवाईक आहेत), दापोली, देवगड, सावंतवाडी, गोवा. देवगडला आमराईतलं एक कौलारू घर मनात भरलंय, भाडंही परवडणारं आहे. हवा, दवाखाना आणि कागदपत्रं या तिन्ही अंगांनी जाणकारांनी सांगावं.

खारावारा:
देवगडचं आमराईतलं घर आधी यादीतून काढा. तुम्हाला जे महिने हवेत तेच हापूसच्या फवारणीचे महिने आहेत. पालवी फुटल्यापासून फळ धरेपर्यंत तुडतुडे (मोहोरावरची कीड) आणि भुरी (बुरशीचा रोग) यांसाठी पाच-सहा फवारण्या होतात, मोहोराच्या दिवसांत साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने. मोठ्या कलमांवर पॉवर स्प्रेअरने औषध उंच उडवतात, ते कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या विहिरीतही उतरतं. फवारणी सकाळी लवकर करतात आणि तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, म्हणजे बागेच्या पश्चिमेला असलेल्या घराला सगळ्यात जास्त त्रास. धडधाकट माणसाचाही घसा खवखवतो, सीओपीडीवाल्याला तर अटॅकच यायचा.

दापोलीही नको. समुद्र जवळ असला तरी गाव डोंगरावर आहे, मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरतो. पुण्याचंही तेच, शिवाय थंडीत धूर खाली बसून राहतो. तापमान हवं असेल तर किनारपट्टीच धरा: रत्नागिरी, वेंगुर्ला, पणजी इथे जानेवारीत पहाटे १९-२० आणि दुपारी ३१-३२. सावंतवाडी घाटाच्या पायथ्याकडे असल्याने पहाटे त्याहून तीन-चार अंशांनी गार, पण ते स्वेटरने भागतं.

आता कुणी सांगत नाही ते. कोकणातली हवा नोव्हेंबर-डिसेंबरात स्वच्छ असते, पण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून भाजावळी सुरू होतात. भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) कुणग्यांत (छोट्या वाफ्यांत) कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा, शेणी पसरून पेटवतात. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा तो धूर सखल भागात तासन्‌तास हलत नाही. त्यामुळे घर पाहताना सभोवती भातशेती आहे का, शेजारी अंघोळीचं पाणी चुलीवर तापवतात का, जवळ चिऱ्याची (जांभ्या दगडाची) खाण किंवा कच्चा रस्ता आहे का (लाल धूळ फार बारीक असते), ही चौकशी समुद्र किती लांब आहे यापेक्षा महत्त्वाची. घर बघायला जायचं तर पहाटे सहाला जा. दुपारी खारा (समुद्रावरून येणारा) वारा सुटला की सगळीच घरं छान वाटतात.

मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत निघा. मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोरात असले की खारा वारा उशिरा आत येतो आणि एरवी सौम्य असणारी रत्नागिरी ३८-४० पर्यंत तापते. तोवर दिल्लीची थंडी ओसरलेली असते.

प्राणवायू:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी यंत्राचं आणि औषधांचं लिहितो.

पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. कोकणात वीज जाते आणि गावाबाहेर तर रात्रभर येत नाही. १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात १२००-१३०० धरा, म्हणजे जेमतेम साडेतीन तास. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच घ्या. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गरम होतो, आवाज करतो आणि लवकर जातो. त्या बॅटरीवर फ्रिज-पंखे टाकू नका. सोबत बी-टाइप सिलिंडर भरून ठेवा: त्यात सुमारे १५०० लिटर असतो, दोन लिटरच्या वेगाने बारा तास पुरतो. रेग्युलेटर, ह्युमिडिफायर बाटली आणि सिलिंडरची चावी त्याच्याशेजारी टांगून ठेवा. चावी सापडत नाही म्हणून भरलेला सिलिंडर निरुपयोगी होतो, हे नेहमीचं आहे. सिलिंडर भरून देणारा वितरक कुठे आहे आणि रविवारी उघडतो का, हे घर ठरवण्याआधी विचारा.

यंत्राची बाहेरची जाळी आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळवून मगच बसवा. आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे खडे) ओलाव्याने मरतो आणि मग यंत्र चालू दिसतं पण ऑक्सिजनची शुद्धता ९० टक्क्यांखाली घसरलेली असते. म्हणून परत जाताना यंत्र बंद घरात पावसाळाभर ठेवू नका, सोबत न्या.

रोटाकॅप (श्वासावाटे ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल) वापरत असतील तर कॅप्सूल मूळ डबीतच ठेवा. औषधांच्या साप्ताहिक डबीत काढल्या की दमट हवेत पावडर गोळा होते आणि ओढली तरी फुप्फुसात पोचत नाही. पंप आणि स्पेसरला (पंपाला जोडायची नळी) ही अडचण नाही. डॉक्टरांना विचारून बदलता आला तर बघा. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी, न्यूमोकोकलची राहिली असेल तर तीही.

विमानात केबिनचा दाब साधारण आठ हजार फुटांवर असल्यासारखा असतो. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिकीट काढू नका. स्वतःचा सिलिंडर विमानात चालत नाही. मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर चालतो, पण कंपनीला आधी कळवून आणि पुरेशा बॅटऱ्या घेऊन. रेल्वेने यायचं तर निजामुद्दीनहून निघणारी तिरुवनंतपुरम राजधानी रत्नागिरी आणि मडगावला थांबते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी खालचे बर्थ घ्या.

दवाखान्याबद्दल एकच कसोटी: बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र) आणि आयसीयू असलेलं रुग्णालय एक तासाच्या आत हवं, तेही रात्री.

यमुनाकाठ:
खूप आभार, देवगड रद्द केलं. आता सावंतवाडी की गोवा एवढंच उरलं. गोव्यात कुठे? आणि कायमचं राहायचं ठरवलं तर घर घ्यावं का? निवृत्तिवेतन आणि सीजीएचएसचंही (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कुणी सांगा.

तिसवाडी:
एक तासाची कसोटी लावली तर गोवा, आणि गोव्यात फोंडा. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तिथून पाऊण तासावर, खासगी दवाखाने गावातच. सावंतवाडीहून बांबोळीला दीड तास मोजा, आणि त्या भागातले गंभीर रुग्ण शेवटी तिथेच येतात. फोंड्यात मराठी सगळीकडे चालतं, शाकाहारी जेवण मिळतं, मंगेशी आणि शांतादुर्गा जवळ आहेत, आणि पर्यटकांची गर्दी किनाऱ्यावर असते तशी नाही. कळंगुट-बागा पट्ट्यात जाऊ नका: नाताळच्या पंधरवड्यात भाडं दिवसाच्या हिशोबाने मागतात आणि रात्री आवाज. कुठेही घेतलंत तरी १ नोव्हेंबरपासून चारही महिन्यांचं भाडं एकरकमी ठरवून लिहून घ्या. घर पहिल्या मजल्यापेक्षा वर नको (लिफ्ट असली तरी वीज जातेच), महामार्गालगत नको. गोव्यात भाडेकरूची पोलीस पडताळणी सक्तीची आहे, घरमालक टाळाटाळ करत असेल तर तो करार सोडा.

महाराष्ट्रातच राहायचं ठरलं तर लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा) करार चार महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. काम ऑनलाइन होतं, एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. नोंदणी फी शहरी भागात १०००, ग्रामीण भागात ५०० रुपये.

हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा असतो आणि तुम्ही तेव्हाच हलणार. बँकेत जायची गरज नाही, मोबाइलवर आधारच्या चेहरा-पडताळणीने जीवन प्रमाण (डिजिटल हयातीचा दाखला) होतं. पण पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक, बँक खातं आणि आधारशी जोडलेला मोबाइल नंबर दिल्लीतच तपासून घ्या. सीजीएचएस कार्ड देशभरातल्या कुठल्याही केंद्रावर चालतं, गोव्यात केंद्र पणजीत आहे. दिल्लीहून निघताना औषधांचा पूर्ण साठा आणि ताजी प्रिस्क्रिप्शन घ्या, कारण नव्या केंद्रावर सगळीच औषधं लगेच मिळतील असं नाही. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य योजनेच्या भरवशावर राहू नका, तिला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं.

घर विकत घ्यायचं म्हणाल तर तूर्त नाही. आधी जुलैत तीन आठवडे त्याच भागात भाड्याने राहून पाहा. गोवा आणि दक्षिण कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. भिंतींना ओल, कपाटात, गादीखाली, पुस्तकांवर बुरशी, आणि बुरशीचे कण सीओपीडीवाल्याच्या फुप्फुसाला वाईटच. हिवाळ्यात मानवलेली जागा पावसाळ्यात मानवेलच असं धरू नका. खूप जण नोव्हेंबर ते मार्च दक्षिणेत आणि उरलेले महिने आपल्या गावी असंच ठेवतात, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला तेच बरं वाटतं. जमीन घ्यायचा मोह झालाच तर एवढं लक्षात ठेवा, महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. घराण्याच्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव नसेल तर फक्त बिनशेती प्लॉट किंवा फ्लॅट.

पहिल्या वर्षी सामान कमी न्या, पण ह्या दोन वस्तू विसरू नका: पल्स ऑक्सिमीटर आणि साधा आर्द्रतामापक. आर्द्रता झोपायच्या खोलीत ६० टक्क्यांच्या वर राहायला लागली की दुपारी खिडक्या उघडून आडवा वारा खेळवा, रात्री बंद ठेवा.