संसार म्हणजे नक्की काय? तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतून वारज्याला घर हलवलं. गाद्या, डबे, मिक्सर, शेवटी तुळशीची कुंडी टेम्पोत चढली, तशी आई म्हणाली, "चला, सगळा संसार आला." टेम्पोवाले दादा मूळचे बनारसचे. ते थबकले. "सारा संसार, माताजी?" त्यांच्या हिंदीत संसार म्हणजे अख्खं जग!

मूळ संस्कृत, सम् + सृ. सोबत वाहत जाणं, त्यावरून जन्ममरणाचा फेरा. आपण मात्र तो थाटतो, रेटतो, मोडतो आणि रोज करतो. हिंदीत संसार करत नाहीत, तो असतोच. तुमच्या ओळखीत हा शब्द काय काय होतो?

रास्ता पेठ : आमच्या वाड्यातले तमिळ आजोबा भिशीचा विषय निघाला की म्हणायचे, "संसाराला विचारून सांगतो." जुन्या तमिळ घरांत 'संसारम्' म्हणजे बायको. क्रियापदही मग स्त्रीलिंगी, 'संसारम् वंदाळ', म्हणजे आली. आजी गेल्यावर त्यांनी भिशीच सोडली.

कोथरूड : थोडी दुरुस्ती. हिंदीतही 'संसार बसाना' म्हणतात. पण रोजचं 'करणं' आपलं, आणि बंगाल्यांचं. त्यांचा 'शोंगशार' थेट आपल्यासारखा घरप्रपंच, फक्त त्याला लिंग नाही.

खडकी : मी नर्स आहे. नवीन असताना एका रात्रपाळीला मल्याळी सिस्टर धावत आली, "पेशंट संसारिक्कुन्निल्ला!" मला वाटलं, घरचं काही बिनसलंय. ती सांगत होती, पेशंट बोलत नाहीये. मल्याळममध्ये संसारम् म्हणजे बोलणं. आम्ही दोघी पळालो. शुगर उतरली होती, ग्लुकोज दिल्यावर आजोबा बोलू लागले. पुढे तिच्याकडून थोडी भाषा शिकले. मी, तू, तो, ती, ते, सगळ्यांना एकच 'संसारिक्कुन्नु'. बोलतो-बोलते-बोलतात ही भानगडच नाही. मला हे फार आवडतं.

बिबवेवाडी : सासर कन्नड. तिथे संसार म्हणजे कुटुंब. फरक जाणवलाच नाही.

नारायण पेठ : सम् + सृ, वाहणं, हे वाचून आजी आठवली. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. ती कधी कपाट गेलं, भांडी गेली असं म्हणाली नाही. "संसार वाहून गेला," एवढंच. पाणी ओसरल्यावर चिखलात पाय घालून शोधताना तांब्याचं घंगाळ तेवढं हाती लागलं. त्यावरच तिने पुन्हा मांडला. घंगाळ अजून माझ्याकडे आहे. काठाला मोठा पोचा आहे. कल्हईवाला तो ठोकून काढायला निघाला, तर आजीने त्याला हात लावू दिला नाही.