मदत हवी आहे: क्लोरीन दिसतंय तरी पूल हिरवा, स्टॅबिलायझर १४०. पाणी काढावंच लागेल का?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या गिरणाऱ्याजवळ आमची द्राक्षबाग आहे. तिथेच पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि एक पूल काढलाय. ४० बाय २० फूट, सरासरी खोली साडेचार, म्हणजे साधारण एक लाख लिटर. सँड फिल्टर रोज चालतो, पाणी बोअरचं.

आता मे महिना, खोल्या भरलेल्या, आणि पाण्याला हिरवी झाक. शिडीच्या मागे हात लावला की बुळबुळीत. ओटीओचे थेंब (क्लोरीन मोजायचे) टाकले तर पिवळा रंग व्यवस्थित येतो, २-३ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) दाखवतो. पूलवाला म्हणतो अजून क्लोरीन टाका. टाकलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच.

तो टाकतो टीसीसीए ९०, रोज पाव किलो. त्याच्या हिशेबात दोन मुठी. द्राक्षाला जीए (वाढीचं संजीवक) १० पीपीएम मारायचं की २० यावर आमच्याकडे घरात वाद होतात आणि इथे मूठ! डब्यावर बारीक अक्षरात ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक ॲसिड लिहिलंय, ते वाचत वाचत स्टॅबिलायझरपर्यंत, म्हणजे त्यातल्या सायन्युरिक ॲसिडपर्यंत, पोचलो आणि किट मागवलं. नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. पूलचं पाणी रिएजंटमध्ये मिसळून दुधाळ झालं की ते नळीत हळूहळू ओतायचं, ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा घ्यायचा. आमचा ठिपका १०० च्या खुणेआधीच गडप, आणि त्याखाली आकडेच नाहीत. मग निम्मं पूलचं, निम्मं पिण्याच्या फिल्टरचं पाणी घेऊन पुन्हा केलं. ७० आलं, म्हणजे खरे १४०.

पाणी न काढता हे खाली आणणारं काही औषध आहे का? आणि काढलंच तर ते बागेला सोडलं तर चालेल का? खरड छाटणी झालीय, नवी फूट आहे, म्हणून भीती वाटते.

प्रतिसाद

दादा, मूठभर मोरचूद टाका आणि निवांत राहा. दोन दिवसांत आरसा. आमच्या विहिरीत वर्षानुवर्षं टाकतोय.

प्रतिसाद

वरच्या भाऊंचं ऐकू नका. मोरचूद बोर्डो फवारणीसाठी ठेवा. शेवाळ मरेल, पण त्यातलं तांबं पाण्यात राहतं, भिंतींवर डाग धरतं. लोक म्हणतात क्लोरीनने केस हिरवे होतात, ते काम खरं तांब्याचं असतं. आणि १४० चा आकडा जागचा हलणार नाही तो नाहीच.

मी नाशिकमध्ये सोसायट्यांचे पूल बघतो, दर उन्हाळ्यात ही तक्रार येते. स्टॅबिलायझर क्लोरीनला धरून ठेवतो म्हणून ते उन्हात टिकतं. तो अजिबात नसेल तर भर उन्हात दोनेक तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. त्यामुळे ३० ते ५० हवाच. पण जास्त झाला की क्लोरीन इतकं धरून ठेवतो की मारायला मोकळं फारसं उरत नाही, आणि ओटीओला मोकळं, धरलेलं, वापरून झालेलं सगळं सारखंच पिवळं. अंदाज असा धरा: फ्री क्लोरीन (मोकळं आणि स्टॅबिलायझरने धरलेलं मिळून) स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी हवं. १४० ला ते साडेदहा पीपीएम होतं. तुमच्या २-३ ला शेवाळ काय भीक घालणार?

आता पाव किलोचा हिशेब. तुमच्या एक लाख लिटरमध्ये त्याने रोज सव्वादोन पीपीएम क्लोरीन जातं आणि सोबत जवळपास १.४ पीपीएम स्टॅबिलायझर. महिन्याला ४० च्या वर. क्लोरीन उडतं, पाण्याची वाफ होते, हा मात्र तिथेच बसून राहतो. बॅकवॉशला (फिल्टर उलटा धुताना) जे पाणी जाईल त्याबरोबर जाईल तेवढाच. म्हणून भरवशाचा इलाज पाणी बदलणं हाच. दोन तृतीयांश काढा, १४० चे ४७ होतील.

पण एका बाजूने सोडत दुसऱ्या बाजूने भरू नका, त्यात नवं पाणीही वाहून जातं. आधी काढून मग भरलंत तर ६७ हजार लिटरमध्ये काम होतं, चालू पाण्यात तेवढ्यासाठीच १ लाख १० हजार लागतील. पूर्ण रिकामा मात्र करू नका, विशेषतः पाऊस सुरू झाल्यावर. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते, तडे जातात. मेमध्ये करताय ते बरंच आहे.

पुढे लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरा. १० टक्केवालं असेल तर तुमच्या पूलला १ लिटरने १ पीपीएम वाढतं. संध्याकाळी टाका, कॅन सावलीत ठेवा, जास्त साठा करू नका, उन्हाळ्यात त्याची ताकद लवकर उतरते. आणि पूलवाल्याला बजावून सांगा: टीसीसीए काढायचं भांडं ब्लिचिंग पावडरच्या किंवा कॅल हायपोच्या (कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या) डब्यात घालायचं नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पेट घेतात, स्फोटही होतो.

मूळ धागाकर्ता

हिशेबाबद्दल मनापासून आभार. १० हजार लिटरचे सात टँकर झाले. ते जूनपर्यंत ढकलून पावसाने भरून घेतलं तर? आणि बागेचं राहिलं.

प्रतिसाद

पावसाचं चालेल, पण गणित बघा. तुमच्या ८०० चौरस फुटांवर १०० मिमी पाऊस पडला तर साडेसात हजार लिटरही होत नाही. गिरणाऱ्याकडे पाऊस शहरापेक्षा बरा, तरी ६७ हजाराला बराच पावसाळा जाईल. मी म्हणेन पूलचं निम्मं पाणी आत्ता टँकरने बदला, उरलेलं काम पावसावर. निम्म्याने ७० येतं, तिथे सव्वापाच पीपीएम क्लोरीन ठेवलं तर पाणी सांभाळता येतं. तोवर खोल बाजूचा तळ स्वच्छ दिसत नसेल तर पूल बंद ठेवा, बुकिंग असलं तरी. गढूळ पाण्यात बुडणारं पोर काठावरून दिसत नाही.

बागेला नको. टीसीसीएचं क्लोरीन शेवटी क्लोराइड होऊन पाण्यातच साठतं आणि द्राक्षाला ते सोसत नाही, त्यात नवी फूट. डोस थांबवून क्लोरीन शून्यावर येऊ द्या आणि पडीक रानात पसरून सोडा, नाल्यात नको.